तेरची पांढरी: दोन हजार वर्षांपूर्वीचं घर, जातं आणि कापड

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, किल्लाही नाही. आज जातं आहे, वज्री आहे, शोषखड्डा आहे आणि सुताचा एक धागा आहे. कंटाळवाणं वाटतंय? थांबा जरा.

आमच्या अक्कलकोटला पाहुणे आले की स्वामी समर्थांचं दर्शन होतं, अन्नछत्रात जेवण होतं आणि वेळ उरलाच तर राजवाड्यातलं शस्त्रागार बघणं होतं. तलवारी, बंदुका, ढाली. बघण्यासारखंच आहे ते, वाद नाही. पण त्यामुळे लहानपणापासून डोक्यात एक गणित बसतं, की इतिहास म्हणजे शस्त्र. ती तलवार बनवणाऱ्या लोहाराच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. जगात मात्र पुरातत्त्वाची एक आख्खी शाखा याच प्रश्नावर चालते आणि तिचं सगळ्यात गाजलेलं काम रोमन साम्राज्याच्या लांबच्या प्रांतांमध्ये झालंय.

एक उदाहरण सांगतो. ब्रिटन हा रोमचा अगदी टोकाचा, थंड, पावसाळी प्रांत. तिथे विंडोलांडा नावाची सैनिकी छावणी होती. १९७३ पासून तिथल्या ओल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडायला लागल्या आणि त्यांवर शाईने लिहिलेला मजकूर. लढायांची वर्णनं? छे. कुणाला घरून मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद, कुणाचं वाढदिवसाचं आमंत्रण, कुणाची उधारी. त्यातल्या एका हिशोबात गाम्बाक्स नावाच्या सैनिकाच्या नावापुढे लिहिलंय: मिरे, दोन दिनार.

मिरे! म्हणजे ते भारतातून गेलेले. केरळच्या वेलीवरचा मसाला इंग्लंडच्या उत्तर टोकाला एका साध्या सैनिकाच्या खात्यावर मांडलेला. आता उलटा प्रश्न विचारू. त्या व्यापाराच्या या टोकाला, आपल्याकडे, जी साधी माणसं होती त्यांचं काय? त्यांचे मोजे कुठे आहेत?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. अक्कलकोटहून सोलापूर, सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव आणि तिथून वीसेक किलोमीटरवर तेर. तेरणा नदीच्या काठचं गाव. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत आहे. संत गोरा कुंभारांची समाधी तिथेच आहे. पण या गावाचं जुनं नाव तगर. आणि तगर हे नाव एका ग्रीक पुस्तकात आहे.

पुस्तक म्हणजे ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, इजिप्त या रोमन प्रांतातल्या कुणा व्यापाऱ्याने लिहिलेलं. त्याचं स्वतःचं नाव आपल्याला माहीत नाही. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय विकत मिळतं, वारा कधी धरायचा, असा सगळा कामाचा मजकूर. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला साधारण दहा दिवसांवर तगर हे खूप मोठं शहर आहे. पैठणहून लाल अकीक येतो, तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते. हा माल गाड्यांवर लादून, रस्ते धड नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात.

मला आकडे दिसले की ते तपासून बघायची खोड आहे, इंजिनिअरिंगचा परिणाम म्हणा. पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. वीस दिवस म्हणजे दिवसाला सतरा-अठरा किलोमीटर. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशेच्या आसपास, दहा दिवस म्हणजे दिवसाला पंधरा. भरलेली बैलगाडी दिवसभरात एवढीच जाते. दिशा मात्र त्याची थोडी चुकलीय. तेर पैठणच्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण इजिप्तमध्ये राहून गाडीवानांकडून ऐकलेल्या माहितीवर लिहिणाऱ्या माणसाला एवढं माफ करायला हरकत नाही.

हे तगर नेमकं कुठलं, यावर मागे बराच वाद होता. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने ते तेर असल्याचं दाखवलं आणि मग हेन्री कझिन्सने गावात येऊन तिथल्या टेकाडांची आणि जुन्या विटांच्या त्रिविक्रम मंदिराची नोंद घेतली. पण गंमत म्हणजे आपल्याच इतिहासात हे नाव कधी पूर्ण विसरलं गेलं नव्हतं. कोकणातले शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. ठाण्यात बसायचं आणि बिरुद तेरचं लावायचं. मूळ गावाचा अभिमान, दुसरं काय.

आता जमिनीकडे येऊ. आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरी राहायची. हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात पुरातत्त्वाचा आख्खा धडा आहे. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, शेणाचं सारवण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुना, हाडं, कचरा हे सगळं एकावर एक साठत जातं. त्या मातीचा रंग बदलतो, ती करडी-पांढुरकी होते आणि जागा आजूबाजूच्या शेतापेक्षा उंच होते. तेरला अशी पांढरीची टेकाडं आहेत. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी सांगायचं तर ही लॉग फाइल आहे. नवीन नोंद सगळ्यात वर, जुनी सगळ्यात खाली, आणि कुणी मधेच खड्डा खणला असेल तर त्याचीही नोंद राहते.

तेरला १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये आला. नंतरही इथे उत्खननं झाली. जे सापडलं ते मुख्यतः सातवाहन काळातलं, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागे दोन-दोनशे वर्षं. तेर, नेवासे, पैठण, भोकरदन, कोल्हापूर या सगळ्या सातवाहन गावांतल्या वस्तू एकत्र ठेवल्या तर एक घर उभं राहतं. चला, आत जाऊ.

छपरावर भाजलेली कौलं. चपटी, एका बाजूला दोन भोकं पाडलेली, म्हणजे खिळा ठोकून वाशाला बसवायची. भिंतीत आजच्या विटेपेक्षा खूप मोठ्या विटा. परसात जमिनीत एकावर एक बसवलेली मातीची कडी, सांडपाणी मुरवण्यासाठी. हो, शोषखड्डा! ज्यासाठी आज ग्रामपंचायतीला योजना राबवावी लागते तोच.

न्हाणीत वज्री. मातीची, खरखरीत, टाचा घासायला. अगदी आजीच्या न्हाणीत असायची तशीच. सुरमा घालायची तांब्याची काडी, शंखाच्या बांगड्या, अकीक आणि काचेचे मणी, हाडाचे सोंगट्यांचे फासे, सूत कातायच्या चातीच्या चकत्या. आणि नाणी. रोमन सोनं नव्हे बरं का, शिशाची आणि हलक्या मिश्र धातूची सातवाहन नाणी. भाजी सोन्याच्या नाण्याने घेत नाहीत.

आता स्वयंपाकघर. आपण सोलापूरकर शेंगाचटणीशिवाय जगू शकत नाही. पण तगरच्या त्या घरात शेंगदाणा नाही, मिरची नाही. टोमॅटो, बटाटाही नाही. हे सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलं. तिखटपणा हवा असेल तर मिरे आणि पिंपळी, म्हणजे मलबारच्या मिऱ्यांबाबतीत तगरचा गृहस्थ आणि विंडोलांडाचा गाम्बाक्स दोघंही गिऱ्हाईकच.

आणि जातं. इथे मला जास्त थांबायचंय. जातं आपल्याला इतकं आपलं वाटतं की ते अनादि काळापासून आहे असंच आपण धरतो. जात्यावरच्या ओव्या, लग्नातलं जात्याचं पूजन. पण नेवाशाच्या उत्खननात खालच्या, ताम्रपाषाण काळाच्या थरात गोल फिरणारं जातं नाही. तिथे आहे तो खोलगट दगड आणि त्यावर पुढे-मागे सरकवायचा दुसरा दगड. पाट्या-वरवंट्याचा पूर्वजच म्हणा. गोल जातं दिसतं ते सातवाहन थरात. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५९ मध्ये ‘अँटिक्विटी’ या इंग्रजी नियतकालिकात यावर लेख लिहिला आणि गोल जातं रोमन संपर्कातून आपल्याकडे आलं असावं असा तर्क मांडला. रोमन सैन्याच्या प्रत्येक छावणीत हातजाती असायचीच, त्यामुळे तर्क ओढूनताणून आणलेला नाही. तिकडे तक्षशिलेलाही साधारण त्याच काळात गोल जाती दिसतात, म्हणजे वाट भडोचचीच होती असं मात्र नाही.

तो तर्क पूर्ण खरा ठरो न ठरो, मला त्यातला बदल महत्त्वाचा वाटतो. खोलगट दगडावर गुडघे टेकून, आख्खं अंग पुढे-मागे झोकून धान्य भरडणारी बाई आणि खुंटा धरून बसून दळणारी बाई यांच्या दिवसात किती फरक पडला असेल! समोरासमोर बसून दोघीही दळू शकतात. राजा कुठला होता यापेक्षा हा बदल त्या घराला जास्त जाणवला असणार. पण त्याचा शिलालेख कुणी कोरला नाही.

‘रोमन’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. आपल्याकडे काही वेगळं दिसलं की रोमन म्हणून शिक्का मारायची सवय फार दिवस होती. बारीक नक्षीची चकचकीत करडी-काळी थाळी असते, तिला रुलेटेड वेअर म्हणतात. १९४५ मध्ये व्हीलरने पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूत उत्खनन केलं, तेव्हापासून ती रोमन व्यापाराची खूण मानली गेली. पुढे मातीची तपासणी झाली आणि ती भारतातच बनल्याचं स्पष्ट झालं. दारूच्या रोमन रांजणांचे म्हणजे अँफोरांचे तुकडे म्हणून नोंदवलेली काही खापरंही नंतर इराणी आखाताकडच्या, आतून डांबर लावलेल्या रांजणांची निघाली. म्हणजे व्यापार होता, पण ‘आपण आणि रोम’ असा थेट दोघांचाच नव्हता, मध्ये अख्खं पश्चिम आशिया होतं.

खापर ओळखताना अभ्यासक ते बोटाने वाजवूनही बघतात, चांगलं भाजलेलं खणखणतं. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कुठलं मडकं कच्चं ते सांगितलं, ही कथा त्याच गावातली आहे, हा योगायोग मला फार आवडतो. (आणि हो, कच्चे ठरले ते नामदेव!)

खरोखर तिकडून आलेल्या वस्तूही आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती अस्सल भूमध्य समुद्राकडची आहे. पण मला त्याहून जास्त मजा येते ती नकलांमध्ये. तेर, कोंडापूर अशा ठिकाणी मातीच्या गोल चकत्या मिळाल्यात, रोमन सम्राटाच्या नाण्याचा ठसा उमटवलेल्या, गळ्यात घालता येतील अशा. खरी रोमन नाणीही भोक पाडून किंवा कडी लावून दागिना म्हणून वापरलेली सापडतात. ज्याला सोनं परवडेना त्याने मातीचं घातलं. एक ग्रॅमच्या दागिन्यांचं दुकान प्रत्येक तालुक्याच्या बाजारात आहे, त्यात आश्चर्य काय? आणि परदेशी नाणं गळ्यात घालायची हौस आपली जुनीच. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं.

तेरची खासियत म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या, म्हणजे केओलिनच्या मूर्ती. मोदकाच्या साच्यासारखा दोन भागांचा साचा, पुढचा आणि मागचा, दोन्ही दाबून जोडायचे, आत पोकळ. बायकांच्या केशरचना तर बघतच राहाव्यात. आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती. हिच्या बहिणी दोन. एक भोकरदनला सापडलेली आणि दुसरी थेट इटलीत पॉम्पेईला, १९३८ मध्ये. व्हेसुव्हियस इसवी सन ७९ मध्ये फुटला आणि राखेखाली गाव गाडलं गेलं, तेव्हा वीतभर उंचीची ती भारतीय मूर्ती तिथल्या एका घरात होती. आधी ती मथुरेकडची असावी असं मानत. भोकरदन आणि तेरच्या मूर्ती पुढे आल्यावर ती आपल्या दख्खनची असण्याची शक्यता बळावली.

पण तगरची खरी ओळख कापड होती आणि तेरच्या जमिनीत कापड नाही. काळ्या मातीच्या मुलखात चार महिने ओल असते, सुती धागा दोन हजार वर्षं टिकणं शक्यच नाही. चातीच्या चकत्या उरल्या, सूत गेलं. म्हणजे विणकरांच्या हातचं काम बघायचं तर कुठे जायचं? रोमन प्रांतातच. तांबड्या समुद्राकाठी इजिप्तचं बेरेनिके बंदर. भडोचहून निघालेलं गलबत पावसाळी वाऱ्यांचा हिशोब धरून तिथे लागायचं, माल उंटांवर चढायचा आणि बारा दिवसांत नाईलकाठी कॉप्टसला पोचायचा. बेरेनिके म्हणजे कोरडं वाळवंट, तिथे काहीच सडत नाही. १९९४ पासूनच्या उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळे मिरे मिळाले, सागवानी लाकूड मिळालं आणि कचऱ्याच्या ढिगात सुती कापडाचे तुकडे मिळाले.

ते भारतीय कशावरून? पिळावरून. सूत कातताना धाग्याला पीळ एका बाजूला बसतो. धागा उभा धरला की तंतूंचा तिरकेपणा इंग्रजी एस अक्षराच्या मधल्या रेघेसारखा असतो किंवा झेडच्या. इजिप्तमधले लोक परंपरेने एस पीळ द्यायचे, भारतातलं सूत झेड पिळाचं. कातणारीच्या हाताची सवय म्हणजे जणू तिची सही. नाव नाही, गाव नाही, पण चाती कुठल्या बाजूला फिरवली ते दोन हजार वर्षांनी वाचता येतं. तो तुकडा तगरचाच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, गुजरातचाही असेल. पण सोलापुरी चादरीच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे ऐकून काहीतरी होतं एवढं खरं.

विणकरांचा पैसा मात्र आपल्याकडे दगडावर लिहिलेला आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. मांडून बघा. २०००चे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले १२, बरोबर २४०. एक कवडी इकडे-तिकडे नाही. माझ्या मते ही ओळ कुठल्याही विजयाच्या प्रशस्तीपेक्षा भारी आहे. विणकरांचा संघ हा त्या काळी लोक डोळे झाकून मुद्दल ठेवतील इतका विश्वासाचा होता, हे त्यातून कळतं. आणि एका माणसाच्या वर्षाच्या वस्त्रांना काय खर्च धरत, तेही.

गाम्बाक्ससारखी नावंसुद्धा आपल्याकडे आहेत, फक्त ती दानाच्या निमित्ताने आली. कार्ल्याच्या चैत्याचं दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, वेणुवासाचा मुलगा, असं तिथे कोरलंय. ज्यांनी दान दिलं त्यांची नावं राहिली. तगरच्या कातणारीने काही दिलं नसेल किंवा दिलं असेल तर दगडावर आलं नाही.

म्हणूनच पांढरीचं महत्त्व. तिच्याशिवाय या माणसांचा दुसरा कागद नाही. आणि आपण पांढरीचं काय करतो? पिढ्यान्‌पिढ्या माळवदावर टाकायला ती खणून नेली, कारण ती माती पाणी धरत नाही. शेतात खत म्हणून टाकली, कारण त्यातली राख आणि सडका कचरा पिकाला चांगला. तोवर फावडं होतं, आता जेसीबी आहे. फावड्याला जे खणायला दहा वर्षं लागायची ते एका दुपारी ट्रॉल्यांत भरून जातं. गावकऱ्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, घराला छप्पर आणि शेताला खत लागतंच. पण थरांची लॉग फाइल एकदा उलटीपालटी झाली की मग नुसते मणी हातात राहतात. कुठल्या थरातले, कुणाच्या घरातले, ते गेलं.

तेरमध्ये मात्र एका माणसाला हे फार आधी कळलं. रामलिंगप्पा लामतुरे. त्यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू जमवल्या, जपल्या आणि आज त्याच संग्रहातून उभं राहिलेलं, त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. तलवारी बघायच्या सवयीने गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल. केओलिनच्या मूर्तींच्या मागच्या बाजूने साच्याचा जोड दिसतो का ते शोधा. मणी बघताना भोकाकडे बघा, अकिकासारख्या दगडाला एवढं बारीक भोक हाताने पाडलंय. ते झालं की त्रिविक्रम मंदिर चुकवू नका. मागची बाजू गोल, गजपृष्ठाकार आहे, बौद्ध चैत्यासारखी. गोरोबाकाकांच्या समाधीपासून ते लांब नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या गावाची पांढरी कुठे आहे, हे घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. तिथे नक्षीचं खापर, मणी, नाणं दिसलं तर जागेसकट फोटो काढा, वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम आजही तशीच आहे, हसू नका.

पुढच्या भागात नाणेघाट. तिथल्या वाटेवर तो मोठा दगडी रांजण आहे ना, जकातीचा म्हणून सगळे फोटो काढतात तो, आणि बाजूच्या गुहेतला नागनिकेचा लेख. हेडफोन लावून तयार राहा.